चौथा रकाना

दिनांक १ जुलै १९७४, वार सोमवार. इयत्ता सातवी, शाळेचा व्हरांडा. हजर: गुरुजी, पाटलांचा मधुकर, दुकानदाराची लीला, ढिवरपुऱ्यातली कौतिका, वही लिहायला मी, आणखी सहाजण. गैरहजर: उरलेला अर्धा वर्ग. कारण: रोवणी.

ही नोंद आठवणीतून लिहिलेली नाही, वहीतून उतरवली आहे. वही अजून माझ्याजवळ आहे.

सरकारी हजेरीपटात गैरहजर मुलाच्या नावापुढे खूण केली की मास्तरांचं काम संपत असे. आमच्या गुरुजींचं तिथून सुरू होई. त्या सोमवारी त्यांनी एक लांबट कोरी वही माझ्यापुढे सरकवली आणि खिशातली सहा इंची पट्टी दिली. चार रकाने आखायला सांगितले. पहिल्यात नाव, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात कारण. चौथ्याच्या डोक्यावर काय लिहू, असं विचारलं तर म्हणाले, "लिही, कोणी थांबवलं."

मी पट्टी धरून तशीच बसले. गुरुजी म्हणाले, "लेकरू आपल्या मनानं गैरहजर राहत नाही, पोरी. त्याले कोणीतरी थांबवते. ते नाव पाहिजे."

या रकान्यामुळे गाव त्यांना कारणवाले गुरुजी म्हणू लागलं. काही लोक हसून म्हणत, काही दात आवळून. ते नाकाडोंगरीकडचे. उंच, काटकुळे, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पायजमा पोटरीशी दोरीने बांधलेला. पुस्तक वाचताना पुस्तकातली मराठी वाचत, पण माणसाशी बोलताना आमचीच बोली. कारण विचारायचं तर ज्याच्या त्याच्या बोलीत विचारावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

रोवणीच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत अर्धा वर्ग भाताच्या बांध्यांमध्ये, म्हणून गुरुजी हजेरी घ्यायला तिथेच जात. शेताच्या कडेला धुऱ्यावर सायकल आडवी करायची आणि मोठ्याने एकेक नाव पुकारायचं. चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगेतून "हजर गुरुजी" असा आवाज येई आणि सगळी रांग हसे. एकदा आमच्या शेजारची तान्हाबाई म्हणाली, "धुऱ्यावर उभं राहून का पाहता जी? उतरा ना खाली." गुरुजी खरोखरच उतरले. पऱ्ह्यांची, म्हणजे कोवळ्या रोपांची, जुडी हातात घेतली आणि तान्हाबाईच्या मुलीला म्हणाले, "मी तुह्या जागी वाकतो. तू घंटाभर माह्या जागी बस." ती पोरगी धुऱ्यावर बसून लहान मुलांचे पाढे घेऊ लागली. गुरुजींनी तासभर रोवलं. त्यांची ओळ इतकी वाकडी आली, आणि निम्मी रोपं पाण्यावर अशी तरंगली, की तान्हाबाईला सगळं उपटून पुन्हा लावावं लागलं. जाताना तिने हात जोडले. "उद्यापासून पोरगी शाळेत नेजा जी, पण तुम्ही बांधीत नका येऊ."

गुरुजींनी ही हकिगत पुढे कित्येकदा सांगितली. दर वेळी आपली ओळ थोडी जास्त वाकडी करून सांगितली.

ढिवरपुऱ्यातली मुलं वर्गात दाराजवळ बसत. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं, तरी पहिलीपासून तीच त्यांची जागा होती. गुरुजींनी त्यावर भाषण दिलं नाही. दर सोमवारी हजेरीच्या क्रमाने प्रत्येकाने एक जागा पुढे सरकायचं, एवढाच नियम केला. त्या नियमाने कौतिका माझ्या शेजारी आली. तिचे आईवडील तलावात मासे धरत, शिंगाडे लावत. जाळ्याचे फास मोजता मोजता तिचं गणित पक्कं झालं होतं. मी पाटीवर आकडे मांडेपर्यंत तिचं उत्तर तयार असे आणि ते ती मला सांगत नसे, नुसती पायाने पाय दाबायची. दुकानदारीणबाई एकदा तक्रार घेऊन आल्या की लीलाला मासळीचा वास येतो. गुरुजी म्हणाले, "वास येते तर खिडकी उघडा. पोरगी कायले उठवता?" आणि स्वतः उठून त्यांनी खिडकी उघडली. मला वाटतं, शाळेला खिडकी आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दिवस मावळायच्या आधी, गुरुजी चौथा रकाना चावडीवर वाचत. नाव, दिवस, कारण, कोणी थांबवलं. रागावणं नाही, उपदेश नाही. बाजारातल्या भावासारखं वाचायचं आणि वही मिटायची. मात्र ज्याचं नाव येणार, त्याला आधी त्याच्या घरी जाऊन सांगितलेलं असे. "चावडीवर पहिल्यांदा कळलं तर तो अपमान," ते म्हणत, "घरी सांगून वाचलं तर ती नोंद." पाटील एकदा तापले. शाळा शिकवायची सोडून लोकांच्या घरात डोकावता कायले, असं त्यांनी चारचौघांत विचारलं. गुरुजींचं उत्तर मी त्याच संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. "पोराचं शिकणं तुमच्या घरातलं सामान नाही, पाटील. ते त्याचं स्वतःचं आहे. म्हणून मी मागून नाही राहिलो, विचारून राहिलो."

हक्क हा शब्द नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होता. आम्ही तो पाठ केला होता. त्याचा अर्थ असा रागाच्या आवाजाशेजारी शांतपणे उभा असलेला मी तेव्हा पाहिला.

त्या वर्षी भादव्यात माझी वहिनी बाळंत झाली. बाळाला सांभाळायला कोणी हवं होतं. बाबांनी ढिवरपुऱ्यात शब्द टाकला. दोन वेळचं जेवण आणि दिवाळीला कापड, असं ठरलं आणि कौतिका आमच्या घरी आली. सकाळी मी दप्तर घेऊन निघायची तेव्हा ती माझ्या भाच्याला कडेवर घेऊन दारात उभी असायची. वर्गात तिची जागा रिकामी, आणि वही माझ्या हातात.

मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं, आजारी. चौथ्यात एक रेघ मारली. दुसऱ्या दिवशीही तेच. असे अकरा दिवस मी तिला आजारी ठेवलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आहे.

बाराव्या दिवशी गुरुजी काढ्याची बाटली घेऊन ढिवरपुऱ्यात गेले. तिच्या आईला काही समजेना. पोरगी तर धडधाकट आहे, श्रावणजीच्या घरी पोरगं सांभाळून राहिली, असं तिने सांगितलं. श्रावणजी म्हणजे माझे बाबा.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला सगळ्यांसमोर काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत वही उघडून समोर ठेवली. मी खोडायला लागले, तसा त्यांनी पानावर हात ठेवला. "खोडू नको. त्याच्या खाली खरं लिही. दोन्ही राहू दे."

मी बाबांचं नाव लिहिलं. या ओळीचं अक्षर सुरेख नाही. गुरुजी म्हणाले, "आता घरी जाऊन आधी तूच सांग. मी सांगितलं तर ते माह्यावर रागावतील. तू सांगितलं तर विचार करतील."

बाबा गोठ्यात होते. मी सांगितलं. त्यांनी टोपी घातली आणि शाळेकडे निघाले. मी मागे. गुरुजी व्हरांड्यात सायकल पुसत होते.

"गुरुजी, माह्यं नाव लिहिलं, ठीक आहे," बाबा म्हणाले. "पण माह्याच पोरीच्या हातानं?"

"तुमच्या पोरीले लिहिता येते म्हणून, श्रावणजी. दुसरीलेही येते. ती तुमच्या घरी झोका देऊन राहिली."

बाबा व्हरांड्याच्या पायरीवर टेकले. मग म्हणाले की घरात दुसरं माणूस नाही, बाळाला ठेवायचं कुठे? गुरुजींनी दारातून आत वर पाहिलं. वर्गाच्या आढ्याला एक मजबूत कडी होती. "इथं," ते म्हणाले.

आठवडाभरात वर्गात वहिनीच्या जुन्या लुगड्याची झोळी टांगली गेली. एक दिवस कौतिका दोरी ओढायची, एक दिवस मी. माझ्या भाच्याने सातवीचा भूगोल आमच्याबरोबर ऐकला. रडायला लागला की गुरुजी फळ्याकडे तोंड करून म्हणत, "त्याले उत्तर येत असन, विचारा." महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चावडीवर बाबांचं नाव वाचलं गेलं. बाबा पहिल्या रांगेत बसून ऐकत होते.

एप्रिलमध्ये आम्ही दोघी सातवी पास झालो. कौतिका गणितात पहिली आली. जूनमध्ये गुरुजींची बदली झाली. अर्ज कोणी केला होता, ते वहीत नाही. एसटीच्या टपावर सायकल चढवून झाल्यावर त्यांनी ती लांबट वही माझ्या हातात दिली. "पानं शिल्लक आहेत," म्हणाले. "रकाने आखून ठेवजो."

मी रकाने आखले. आणि त्याच महिन्यात मोहाडीच्या हायस्कुलात नाव घातलं. आठवीचा वर्ग गावात नव्हता, झोळी टांगायला कडी नव्हती, आणि विचारायला गुरुजी नव्हते. भाचा आता रांगत होता, म्हणजे सांभाळायला आणखी अवघड. बाबा म्हणाले, एवढं वर्ष राहू दे कौतिकाला. सकाळी मी गाडीला निघायची तर ती बाळाला घेऊन फाटकाशी उभी. "जाय लवकर," ती म्हणायची, "गाडी चुकन तुही." तिच्या बोलण्यात कुठे खोच नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या वेळी बाबांना मी एका वाक्यात विचारू शकत होते. आधी एकदा विचारलं होतं आणि त्यांनी ऐकलं होतं. मी विचारलं नाही. वहीत लिहिलं: कौतिका, इयत्ता आठवी, कारण घरकाम. चौथा रकाना कोरा ठेवला. दोन वर्षांनी तिचं लग्न होऊन ती लाखांदूरकडे गेली.

मी शिकले, भंडाऱ्याला एका शाळेच्या ऑफिसात कारकून म्हणून लागले. १९८६ च्या उन्हाळ्यात नाकाडोंगरीला गुरुजींकडे गेले. ते निवृत्त होऊन अंगणात पाट्या रंगवत बसले होते, शेजारच्या मुलांसाठी. नोकरी लागल्याचं ऐकून त्यांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसले आणि माझ्या ऑफिसातले रजिस्टर कसे आहेत ते तपशिलात विचारून घेतलं. मग सहज विचारावं तसं म्हणाले, "कौतिका?"

मी सगळं सांगितलं. कोरा रकानाही सांगितला. मला वाटलं, ते बाबांचं नाव घेतील.

"मंग कोणी थांबवलं?" त्यांनी विचारलं.

"मी काही बोलले नाही, गुरुजी."

"लिही मंग तसंच." मग म्हणाले, "पण मले नको दाखवू. माह्यं काही गेलं नाही. तिले दाखव."

दीड वर्षानंतर ते गेले. तेरवीला मी बाबांना घेऊन गेले होते. तान्हाबाईची मुलगी आली होती. ती आता बालवाडी चालवते. मधुकर आला होता, पाटलांचा. जेवणाच्या पंगतीत बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "माह्यं नाव वाचलं होतं या माणसानं चावडीवर. सगळ्या गावासमोर." एखाद्याने सत्काराची गोष्ट सांगावी तशा आवाजात सांगत होते.

आता माझी चाळिशी उलटली. माझ्या खिडकीशी लोक मुलींचे शाळा सोडल्याचे दाखले मागायला येतात. अर्जात कारण लिहिलेलं असतं, घरगुती अडचण. मी विचारते, कोणाची? काहीजण भांडतात, काही साहेबांकडे जातात. पण एखादा बाप अर्ज हातात धरून बाकावर बसतो, बराच वेळ बसतो, आणि घडी करून परत घेऊन जातो. तो अर्ज माझ्या कुठल्याच रजिस्टरात येत नाही. त्या दिवशी मी घरी जाताना मनात गुरुजींना नमस्कार करते. मला जे काही विचारता येतं, ते त्यांनी आखून दिलेल्या जागेत विचारता येतं.

माझ्या कामांची यादी मी दर सोमवारी नव्याने लिहिते. झालेलं खोडते, राहिलेलं खाली उतरवते. एक ओळ इतक्या वर्षांत प्रत्येक यादीत उतरली आहे: कौतिकाला वही दाखवणे. चौथा रकाना नाकाडोंगरीहून परत आल्या दिवशीच भरला. त्यात माझं नाव आहे, पूर्ण, आडनावासकट. दाखवणं तेवढं राहिलं आहे.

उशिराचं कारण म्हणून मी यादीत 'वेळ नाही' असं लिहीत आले. गुरुजी असते तर त्यांनी ते खोडू दिलं नसतं, त्याच्या खाली खरं लिहायला लावलं असतं. तर खरं असं, की ती रागावेल याची मला भीती नाही. ती मला पाहून हसेल, हात धरून आत नेईल, भात वाढेल, आणि वही न उघडताच म्हणेल की जाऊ दे ना आता. त्याची भीती आहे.

लाखांदूरची गाडी भंडाऱ्याहून सकाळी निघते. वही पिशवीत भरून ठेवली आहे.