सुईवरचं आठाण्याचं नाणं

कडूबाची तबकड्या वाजवायची नवी मशीन टेंभुर्णीच्या घरात आली, त्या दिवशी गिरिजाबाईनं झाडू उचलला आणि मुद्दाम त्याच खोलीत फराफरा झाडायला घेतलं.

"अगं ए, धूळ उडून राह्यली ना! तबकडीवर बसंल," कडूबा ओरडला. "सगळी खरखर तुझ्या झाडण्यापायीच हाये."

"हो का? मंग उद्यापासून झाडत न्हाई. बसा उकिरड्यात मशीन मांडून."

नवऱ्याच्या अंगचे गुण गिरिजाबाईला तोंडपाठ होते. पहिला गुण हा, की घरात काहीही बिघडो, त्यात ह्या गड्याचा हात म्हणून नसायचा. तरुणपणी त्यानं लाउडस्पीकरचा धंदा काढला होता. लग्न असो, जावळं असो, चौदा एप्रिलची जयंती असो, भोंगा बाभळीवर चढायचा आणि कडूबा खुर्चीवर. लोक गाणाऱ्याला विसरायचे आणि ह्याला चहा पाजायचे. पुढं सीडी आली, डीजे आला, धंदा बसला. रुबाब मात्र जागच्या जागी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय उगीच!

म्हातारपणी त्याच्या डोक्यात एकच भूत शिरलं होतं, जुन्या तबकड्यांची खरखर घालवायची. आधी त्यानं त्या रॉकेलनं पुसल्या. खरखर तर गेली नाहीच, घरभर वास मात्र सुटला. मग शाम्पू लावून धुतल्या आणि भर वैशाखाच्या उन्हात चिमटे लावून दोरीवर वाळत घातल्या, धोतराच्या शेजारी. कडेच्या तबकड्यांचे पापड झाले, उरलेल्या कमीजास्त वाकल्या. "कंपनीचा मालच हलका," म्हणून हा मोकळा! शेवटी नागसेननं, त्यांच्या मुलानं, हात जोडले. तो जालन्याला शिक्षक. त्यानं पुण्याहून चांगलं टर्नटेबल मागवलं, नाजूक दांडीचं, बारीक सुईचं.

"एवढा खर्चा कशापायी?" गिरिजाबाई त्याला म्हणाली. तोंडानं म्हणाली. मनात निराळंच होतं.

त्या तबकड्यांत एक तबकडी तिची होती. लग्नाआधी ती राजानंदबुवांच्या गायन पार्टीत कोरसला गायची. पार्टीची एक तबकडी मुंबईला जाऊन निघाली होती. गाणं सगळं बुवांचं, पण दुसऱ्या कडव्यातली एक ओळ एकट्या गिरिजाची. ती ओळ ऐकूनच तर कडूबा मागणी घालायला आला होता. आणि लग्न झाल्यावर? पार्टीवाले पुढच्या कार्यक्रमाला बोलवायला दारात आले, तेव्हा हा उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "आता न्हाई यायची ती. तिचा आवाज हाये की माझ्यापाशी, तबकडीत." सगळे हसले. नवी नवरी म्हणून तीही हसली. त्या हसण्याची तिला अजून चीड यायची.

बरं, ठेवला आवाज, तर नीट तरी ठेवावा! जयंतीला पोरं नाचायची, फळ्यांचं स्टेज हलायचं, सुई उडायची. मग कडूबा कमरेच्या चंचीतून आठाण्याचं नाणं काढायचा आणि सुईच्या मुंडीवर ठेवून द्यायचा. त्या काळचे सगळेच भोंगेवाले तसं करायचे. सुई उडत नाही मग, नांगरत जाते. थोड्याच वर्षांत गिरिजाबाईची ओळ गेली आणि तिथं तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखी तडतड उरली. धूळ म्हणे! झाडू म्हणे!

आणि आता नागसेनची मुलगी सुमेधा कॉलेजात गायला लागली होती. गळा असा की ऐकणारा हातातलं काम ठेवतो. टेंभुर्णीतली शहाणी माणसं म्हणायची, "आज्यावर गेली पोरगी! शेवटी कडूबाचंच रक्त." आणि हा मिशीवरून हात फिरवायचा. ज्याला जन्मात धड पाळणा म्हणता आला नाही, तो! गिरिजाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हा गळा कुठून आला, ते पोरीनं एकदा आपल्या कानानं ऐकावं, एवढंच तिला पाहिजे होतं. पण कडूबाच्या मशीनपाशी काही मागायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं.

रविवारी दुपारी नागसेन आणि सुमेधा आले. सुमेधानं तबकडी साबणाच्या हलक्या पाण्यानं, मऊ फडक्यानं धुतली आणि सावलीत वाळवली. नागसेननं दांडीमागचं वजन फिरवून सुई तोलली.

"आबा, तुमची जुनी सुई बोथट होती, खाचेत वरवर घासायची," तो म्हणाला. "ही बारीक आहे, जरा खाली उतरते. तिथं अजून घासलेलं नसेल, तर आईचा आवाज सापडेल. फक्त हिला हात लावू नका. बिलकुल नाही."

"मला शिकवतो? तू लंगोटात व्हता तवापासून वाजवून राह्यलो मी!"

गिरिजाबाई उंबऱ्याशी शेंगा फोडत बसली होती. आपलं लक्षच नाही, असं दाखवत होती.

तबकडी फिरली. पेटी वाजली, ढोलकी आली. खरखर होती, पण लांब, भिंतीपलीकडं कुणी गहू पाखडावेत तेवढीच. राजानंदबुवा खोलीत येऊन बसल्यासारखे गायला लागले. बुवांनी श्वास घेतलेला कळत होता. गिरिजाबाईचे हात थांबले. पहिलं कडवं सरलं. दुसरं लागलं. आता पेटीचा तुकडा, आणि त्याच्या मागं तीच.

तिथं तबकडी उन्हानं जराशी वाकलेली होती. सुई उडाली आणि मागं गेली. पुन्हा तोच पेटीचा तुकडा. पुन्हा उडाली.

"थांबा, मी बघतो," म्हणून नागसेन उठेपर्यंत कडूबाचा हात कमरेला गेला होता. हाताला कुणी सांगावं लागलं नाही. चंची उघडली, आठाणा निघाला आणि ठक्कन मुंडीवर बसला.

"आबा!"

कर्रर्र झालं. सुई दबून वाकली आणि त्या ओळीवरून आडवी घसरत पार मधल्या कागदापर्यंत गेली. काळ्या तबकडीवर पांढरा ओरखडा उठला. नागसेननं बटण बंद केलं.

कडूबानं तोंड उघडलं. आता कुणाचं नाव घेतो, कंपनीचं का माझ्या झाडूचं, म्हणून गिरिजाबाई बघत राहिली. पण मान खाली घालून तो म्हणाला, "गिरजे, तूच म्हन की ती ओळ. पोरीला ऐकू दे."

हे ऐकायला तिनं अख्खा संसार घालवला होता. आणि आलं कधी, तर तबकडी खराब झाल्यावर! रागानं रडू येतंय हे कळल्यावर तिला स्वतःचाही राग आला. म्हणायची इच्छा नव्हती असं नाही. पण त्याच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही.

"तबकडी हाये ना तुमच्यापाशी," ती म्हणाली. "तिलाच सांगा."

सुमेधा तिच्याजवळ येऊन बसली. "आज्जी, पुढं काय होतं गं? बुवांच्या मागून?"

गिरिजाबाई उठली. मशीनवर पडलेलं नाणं तिनं उचललं, पदराला पुसलं आणि नातीच्या तळहातावर ठेवलं.

"पुढं हे व्हतं, बाई," ती म्हणाली. "तू गाशील तवा तुझ्या आवाजावर कुणाला ठेवू देऊ नको."