रुमालाखालचा पंजा आणि आभाळातला गोळा

लोहाऱ्याच्या बाजारात तेव्हा बैलांचा भाव तोंडानं कुणी सांगत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून बोलायचं. समोरच्यानं भाव दाखवला आणि आपण त्याचा पंजा आवळला, की सौदा पक्का. मग माघार नाही.

निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती. दुसऱ्यांचे बैल हाकत हाकत मी स्वतःची पहिली देवणी जोडी उभी केली होती. ती चांगल्या भावानं गेली असती, तर पुन्हा कुणाची चाकरी करावी लागली नसती.

गिऱ्हाईक नळदुर्गाकडचा लिंगायत शेतकरी होता. दिवस मावळत होता. त्याची बोटं फारच खालचा भाव दाखवत होती आणि मी हात काढून घेणार, तोच सगळा बाजार वर बघू लागला. उगवतीकडून हिरवट उजेडाचा एक गोळा आला आणि आवाज न करता मावळतीला विझला. दचकून मी त्याचा पंजा घट्ट धरला.

"झालं," तो म्हणाला. "वीरभद्राचा पलिता साक्षीला आला."

गाय घ्यायला आलेले तुळजापूरचे पुजारी म्हणाले, "पलिता कसला? आई भवानीचा जळता पोत होता तो."

"इमान होतं, महाराज," आमचे म्हातारे दलाल, चाचा, म्हणाले. "पोलीस ॲक्शनच्या टायमाला लष्कराचं असंच डोक्यावरनं उडत गेलं होतं."

मी खवळलो. "पोत असो न्हाय तर इमान. म्या दचकून हात धरला. चाचा, तुम्हीच सांगा, ह्याला सौदा म्हणायचं का?"

"दचकायचं काम बैलाचं, व्यापाऱ्याचं न्हाय," चाचा म्हणाले. "वर काय गेलं त्यावर लोक भांडतील. खाली काय झालं ते एकच हाय. दावं सोड."

मी दावं सोडलं. पुढची चार वर्षं पुन्हा दुसऱ्यांचे बैल हाकले.

नंतर मी स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो, पण तो राग गेला नाही. त्या शेतकऱ्याला खरंच पलिता दिसला, की फक्त माझी चूक दिसली, हे मला अजून कळलेलं नाही. तो बाजार मात्र आठवतो. कडब्याचा वास, घुंगरांचा आवाज, चाचांच्या कानातला अत्तराचा बोळा. त्या दिवशीची माणसं पुढं कुठं भेटली की मी मुद्दाम विषय काढायचो. जो तो आपापला पोत, पलिता, इमान रंगवून सांगायचा. माझी जोडी कुणालाच आठवत नसे.