खळ लावलेलं गवत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका गवताचा जाणकार अख्ख्या सुरतेत नसेल, असं काकांचं मत आहे. मी वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच, त्यामुळे मोठ्यांविषयी जरा भीत भीतच बोलते. पण काकांच्या ज्ञानापुढे आमचा विभाग बंद करायला हरकत नाही. काका मूळचे परभणीकडचे, बरीच वर्षं इथे सुरतेच्या गोडादऱ्यात कापडाच्या लूमवर आहेत. हजीऱ्याच्या एका कंपनीच्या बागेतून उपटून टाकलेला शोभेच्या गवताचा ठोंब त्यांनी ओल्या टॉवेलात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन आणला. पुढच्या माणसाला खिडकी लावायला लावली, वारा लागतो म्हणून. गवताला.

तो ठोंब गच्चीवर रंगाच्या मोठ्या डब्यात वाढला आणि त्याला पिसांसारखे मऊ, गुलाबी तुरे आले. काका रोज सकाळी ते फणीनं विंचरत, मग त्याच फणीनं स्वतःचे उरलेले केस. पाहुण्यांना चहाआधी गच्चीवर नेऊन, कापड पारखावं तसा तुरा दोन बोटांत धरायला लावत. चुरगाळणाऱ्याला चहा मिळत नसे.

पुढे तुरे झडू लागले. मी समजावलं की बी वाऱ्यावर दूर जावं म्हणूनच त्याला पिसं असतात, झडणारच. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ताण्याचं सूत तुटू नये म्हणून खळ लावतात तशी प्रत्येक तुऱ्याला भाताची पेज लावली. शेजारच्या गुजराती मासींनी इस्त्री कधी करणार म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "माझ्या साडीला कधी खळ केली नाही या माणसानं." दोन दिवस तुरे ताठ उभे होते. मग मुंग्या आल्या, मग बुरशी, आणि पेज ओघळून ठोंबही काळा पडला.

थंडी सरताना हे गवत बुडाशी चार बोटं ठेवून कापावं, उबेला नवं फुटतं, असं माझ्या पुस्तकात आहे. ते मी सांगितलं, तर काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कात्री घेऊन दारात उभे.

"पोरी, पुस्तकात असंच लिवलंय ना? मग तूच काप. माझा हात उठंना."

मी कापलं. पुस्तकातल्या गवताच्या मुळांत पेज मुरलेली नव्हती, हे मला नंतर सुचलं.

तीन आठवडे झाले, डब्यात झिजलेल्या झाडूसारखा बुडखा आहे. जिन्यात कुणीतरी म्हणालं, शिकलेल्या पोरीनं काकांचं गवत मारलं. त्या लाजेनं आईनं गच्चीवर कपडे वाळत घालणं बंद केलं. काकांनी मात्र जिन्यातच थांबून सुनावलं, "मारलं नाही. ती त्याच्यातलंच शिकायली. टाइम लागतो." ते रोज त्या बुडख्याला वाटीनं मोजकं पाणी घालतात. काल मी गच्चीवर गेले तेव्हा डब्याशी उकिडवे बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पुस्तकात किती दिवस लिवलेत?"

पुस्तकात दिवस दिलेले नाहीत. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "अजून थोडे."