मेंढा सोडल्याची तारीख

जेवताना ती तीनदा उठायची. एकदा पाणी आणायला, एकदा मीठ आणायला आणि एकदा कशालाच नाही, नुसतं खिडकीतून आभाळ बघायला. नवरा शिंपी. दिवसभर एका जागी बसून मशीन चालवणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानंच चेष्टेत तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं, की कामावरही लोक तिला त्याच नावानं ओळखायला लागले.

ती आधीपासून अशी नव्हती. वस्तीबाहेरच्या मेंढीपालन केंद्रात ती लागली तेव्हा चांगली गाढ झोप घेणारी, दोन कपांशिवाय चहावरून न उठणारी बाई होती. काम तिच्या हाताला बसलं होतं. गाभण मेंढीच्या कासेवरून हात फिरवून ती सांगायची, ‘ही आज नाही, उद्या.’ आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मेंढा कळपात कधी सोडला ती तारीख मालक शेडमधल्या फळ्यावर खडूनं लिहायचे. तिथून साधारण एकशे सत्तेचाळीस दिवसांनी मेंढ्या व्यायला लागतात, दोन-चार दिवस इकडेतिकडे. त्या वर्षी फळ्यावर बारा तारीख होती. भिंगरीनं बोटांवर मोजलं. अजून दहा दिवस होते. संध्याकाळी आभाळ काळं झालं, वारा सुटला, पण घरी पोरगी तापानं फणफणलेली. गाभण मेंढ्या उघड्या कुंपणात होत्या, त्या कासेला हातही न लावता तिनं तिथंच राहू दिल्या. दहा दिवस आधी त्यांना आत कोंडायचं कशाला?

सकाळी सहाला ती आली तेव्हा पाऊस ओसरला होता. चिखलात नऊ मेंढ्या व्याल्या होत्या. सोळा कोकरं. त्यातली तीन आईच्या पोटाला चिकटून थरथरत होती, बाकीची तेरा गार पडली होती. एक मेंढी मेलेल्या कोकराला चाटायची थांबतच नव्हती. भिंगरीनं तेरा कोकरं एकेक करून गोणपाटानं पुसली. मेलेल्यांना पुसून काय होणार, हे तिला कळत होतं. हात थांबत नव्हते एवढंच.

मालक छत्री घेऊन आले, कुंपणाशी उभे राहिले.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “आभाळ दिसत होतं, तरी मी गेले.”

“जाऊ द्या वहिनी,” मालक म्हणाले. “होतं असं कधी कधी.”

त्यांनी कामावरून काढलं नाही, आवाज चढवला नाही. केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं ती पुढं कित्येक वर्षं सांगत राहिली.

त्या सकाळचा तिनं एकच अर्थ लावला. दिवस भरले नव्हते, तरी वादळानं मेंढ्यांना व्यायला लावलं. म्हणजे आभाळ भरलं की कोकरं येणार. तिनं पोरीची अर्धी कोरी वही घेतली आणि पहिल्याच पानावर त्या तेरा कोकरांबद्दल लिहिलं. रंग, नर की मादी, दात, लोकर, कुठं पडलं होतं ते. पुढं प्रत्येक बाळंतपण लिहिलं. फळ्यावरची तारीख, व्यायची तारीख, वेळ, मेंढीचं वय, कोकरं किती, चारा कधी टाकला, आभाळ कसं, वारा कुठून, खांबावरच्या तापमापकाचा आकडा. एक वही भरली, दुसरी भरली. आता सहावी चालू होती.

आणि ढग दिसले की ती निघायची. भाच्याच्या साखरपुड्यात ताटावरून उठून गेली. पोरीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता, पोरगी पहिली आली होती. नाव पुकारायच्या आधी पत्र्यावर चार थेंब वाजले आणि पोरगी मंचावर चढली तेव्हा आईची खुर्ची रिकामी होती.

“माझं लग्न ठरलं तर तारीख हवामान खात्यालाच विचारू,” पोरगी पुढं हसत म्हणायची. हसायची, पण डोळ्यांत हसू नसायचं.

आता पोरगी बावीस वर्षांची झाली होती. लांबच्या शहरात मोठ्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. शुक्रवारी सकाळी अकराची बस. आणि नेमका मेंढ्या व्यायचा हंगाम, त्यात रेडिओवर आठवडाभर पावसाचा अंदाज. सोमवारपासून भिंगरीच्या पायांना जणू चाकं लागली होती. घरी आली की शेड आठवायची, शेडवर गेली की पोरीची उघडी बॅग डोळ्यांपुढं यायची. एकदा तर दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातल्याचं तिला अर्ध्या वाटेत कळलं.

त्याच आठवड्यात केंद्रावर नवी जनावरांची डॉक्टर आली. वय तिशीचं, गमबूट घातलेली, बोलायला सरळ. चाऱ्याच्या खोलीत वह्यांचा गठ्ठा तिच्या हाती लागला आणि ती तिथंच उभ्यानं वाचायला लागली.

“मावशी, हे कुणी लिहिलंय?”

“मीच. आभाळ आलं की मेंढी विते, त्याचा पुरावा आहे तो.”

“मोजलंत कधी?”

भिंगरीनं मोजलं नव्हतं. लिहिलं होतं फक्त. मोजायला बसावं लागतं.

मग दोघींनी दुपारी मोजायला घेतलं. टेबलावर मक्याचे दाणे मांडले. ढगाळ दिवशी व्यालेल्या मेंढ्यांचा ढीग एका बाजूला, स्वच्छ दिवशीच्या दुसऱ्या बाजूला. भिंगरी उभ्यानंच दाणे टाकत होती, मध्येच बाहेर जाऊन येत होती. मंगळवार गेला, बुधवार गेला. शेवटी डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

“या हंगामात इकडं दहापैकी चार दिवस ढगाळ असतात. आणि दहापैकी चारच मेंढ्या ढगाळ दिवशी व्याल्यात.”

“म्हणजे?”

“म्हणजे आभाळाशी फारसा संबंध नाही, मावशी. एकदम गारठा पडलेल्या दिवशी आकडा थोडा वर जातो. तिथं काहीतरी असेल, पण एवढ्यावरून मी शपथ घेणार नाही. ज्यांचे दिवस भरलेत त्यांना वादळ एखादा दिवस अलीकडं ओढत असेलही. खरा फरक दुसरीकडं आहे. हे बघा, जुळीवाल्या दीड-दोन दिवस आधी. त्या कडक उन्हाळ्याच्या वर्षी अख्खा कळप दोन दिवस आधी. आणि ज्या वर्षी चारा संध्याकाळी टाकला, त्या वर्षी दिवसाउजेडी जास्त व्याल्या.”

“पुन्हा मोजा,” भिंगरी म्हणाली.

पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. तिला एकदम राग आला. मक्यावर, डॉक्टरबाईंवर, स्वतःवर. “मग ती तेरा? ती दहा दिवस आधी कशी आली?”

डॉक्टरबाईंनी पहिली वही उघडली, पहिलं पान दोनदा वाचलं.

“तुम्ही इथं लिहिलंय, पुढचे दात हिरडीबाहेर आलेले. लोकर दाट, कुरळी. सगळ्यांची?”

“सगळ्यांची. मीच पुसली ना.”

“मग ती अपुऱ्या दिवसांची नव्हती. दहा दिवस आधी आलेलं कोकरू असं नसतं. पूर्ण भरलेली होती ती.” त्यांनी वही तिच्यापुढं सरकवली. “तारीख चुकलीय, मावशी. मेंढा आधीच सोडलेला होता.”

मेंढ्याच्या कोंडवाड्याची किल्ली एकाच माणसाकडं असायची.

भिंगरी तशीच हातात मक्याचे दाणे घेऊन मालकांच्या ऑफिसात गेली. मालक आता थकले होते, कानाला यंत्र लावलेलं. तिनं मोठ्यानं विचारलं, “त्या वर्षी मेंढा कधी सोडला होता?”

कुठलं वर्ष, हे त्यांनी विचारलं नाही. तिथंच तिला उत्तर मिळालं.

“मेंढा उसना आणला होता,” ते म्हणाले. “ज्यांचा होता त्यांना लवकर परत हवा होता. म्हणून दोन तारखेलाच सोडला. फळ्यावर आधी ठरलेली बारा होती, ती पुसायची राहिली.”

“आणि नंतर?”

“नंतर तुम्हीच म्हणालात, चुकलं माझं.”

“मग?”

“मग मी गप्प बसलो, वहिनी.”

तिला खूप काही बोलायचं होतं. अकरा वर्षांत किती वेळा ती भर पावसात धावत आली, किती ताटं अर्धी सोडली. पण तोंडातून निघालं ते एवढंच, “मोठ्या मनाचे म्हणत होते मी तुम्हाला.” दाणे टेबलावर टाकून ती बाहेर पडली. हंगाम चालू असताना चारा न टाकता घरी जायची तिची ती पहिलीच वेळ.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकलं आणि मशीनवरचा पाय काढला. “आता काय करणार?” त्यानं विचारलं.

“काय करू? अकरा वर्षं उसवून पुन्हा शिवता येतात का?”

“नाही येत,” शिंपी म्हणाला आणि चहा टाकायला उठला.

पोरगी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. ती दाराशी आली. “बक्षीस समारंभाच्या वेळी मी तुला काय काय बोलले होते.”

“बरोबरच बोलली होतीस.”

“बरोबरच होतं,” पोरगी म्हणाली. मग आईच्या हातातलं फडकं काढून घेत म्हणाली, “तो ओटा पाचव्यांदा पुसतेयस. झालाय तो स्वच्छ.”

शुक्रवारी बस चाळीस मिनिटं उशिरा आली. फलाटावर भिंगरी एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर टाकत होती. समोरच्या इमारतींच्या मागून काळंकुट्ट आभाळ चढत होतं, वाऱ्यानं तिकिटांचे कपटे गोल फिरत होते.

“जा तू, आई. मी बसते बसमध्ये.”

“गप गं. पाऊस आला म्हणून मेंढी वीत नसते.”

“मग सारखी वर काय बघतेस?”

“खोड आहे. एका दिवसात जाते का?”

पोरीनं तिचा हात धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही. भिंगरीला वाटलं, हा हात अशानं सुटायचा नाही आणि मी रडेन. पण बस आल्यावर बॅग चढवायची गडबड, खिडकीतून डबा द्यायची गडबड, त्यात रडायचं राहूनच गेलं. वळणावर बस दिसेनाशी झाली आणि पावसाचा पहिला सपकारा आला. मग मात्र ती धावली. साडी गुडघ्यापर्यंत खोचून थेट शेडपर्यंत.

त्या दिवशी तिच्या जागी चारा टाकणारे मामा आरामात भाकरी खात होते.

“किती व्याल्या?” तिनं धापा टाकत विचारलं.

“दोन. का? काय झालं?”

“दोनच?”

“नेहमीसारख्या. दोन्ही धडधाकट.”

ती पत्र्याखाली उभी राहून पाऊस बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर तिला थोडं फसल्यासारखं वाटलं.

हंगाम संपल्यावर ती मालकांकडं गेली आणि मेंढ्याच्या कोंडवाड्याची किल्ली मागितली. कारण सांगितलं नाही. त्यांनी खणातून काढून दिली. त्या वर्षी मेंढा तिनं स्वतः सोडला. डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून त्याच्या छातीला लाल रंग फासला, म्हणजे ज्या मेंढीच्या पाठीवर लाल डाग दिसेल तिचे दिवस त्या तारखेपासून मोजायचे. चाराही शेवटचे दोन महिने संध्याकाळीच टाकायचा ठरला.

झोप काही तिला पूर्वीसारखी आली नाही. ढग आले की अजूनही पाय दाराकडं वळायचे. फरक इतकाच, की आता कधी कधी ती उंबऱ्यापर्यंत जाऊन परत यायची.

पहिली मेंढी व्याली ती एकशे सेहेचाळिसाव्या दिवशी, दुपारी अडीच वाजता, लख्ख उन्हात. कोकराचा एक पाय आत दुमडला होता. भिंगरीनं कोपरापर्यंत साबण लावून हात आत घातला, पाय अलगद सरळ केला, कोकरू बाहेर घेतलं. त्याच्या नाकातला चिकटा पुसून ते आईच्या तोंडाशी ठेवलं तेव्हा शेडच्या दारात मालक उभे असलेले तिला दिसले. आत यावं की नाही, अशा विचारात होते.

“दार लावून घ्या,” ती म्हणाली. “वारा लागतोय त्याला.”

मालक आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.