निम्मं होईस्तोवर उकळलेलं पाणी

बाळंतपणाला माहेरी आलेल्या माझ्या बहिणीला दूधच आलं नाही. वडील माणला बांधकामावर, आई हिंजवडीत कॅन्टीनची भांडी घासायला. कशीबशी दूधपावडर परवडायची, बाटलीचं पाणी नाही. पावडर कालवायची ती नळाच्या पाण्यात, आणि नळाला गावच्या विहिरीचं पाणी.

भाचीचे ओठ जांभळट दिसायला लागले. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. आईनं मीठमिरच्या ओवाळल्या आणि पाणी जास्त उकळायला घेतलं, काढ्यासारखं, निम्मं होईस्तोवर. बाळ आणखीच निळं पडलं. रडायचंही थांबलं. आई पातेल्यापुढून उठेना. "आता आनखी किती उकळू गं?" ती मलाच विचारायची.

दवाखान्यात बाळाचं रक्त काढलं, ते चॉकलेटी. डॉक्टरीणबाईंनी औषध चालू केलं आणि पहिला प्रश्न केला, "पाणी कुठलं?" पाण्यात नायट्रेट होतं, त्यानं बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नव्हता. उकळून ते जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. आई तिथंच फरशीवर बसली. "म्हंजी मीच पाजलं व्हय?"

बाळ वाचलं. पण घरी आणून पाजायचं काय?

मी घरातली पहिली पदवीधर, बी.एस्सी. केमिस्ट्री. ते सांगायला मला कधी लाज वाटली नाही. विहिरीला खेटून भाड्याच्या खोल्या, त्यांच्या संडासांचे शोषखड्डे, मैला मुरून विहिरीत. कारण माझ्यासमोर होतं. ग्रामसभेत बोलले तर खोल्यांचे मालक आबा उसळले, "दोन बुकं शिकली आन् हिरीला नावं ठेवाया लागली! लई गोड हाय आमचं पानी."

"गोडच हाय, आबा. ह्या विषाला चव न्हाई."

पंचायतीच्या पाणी-तपासणी पेटीतली पावडर मी दोन काचनळ्यांत टाकली; नायट्रेट जितकं जास्त, तितका रंग गडद. नळाचं पाणी गुलाबी झालं. आईचं उकळलेलं लालभडक.

मग आबांची सून उठली, कडेवर लेकरू. "मामंजी, ह्याला बी वरचंच दूध हाय. मी बी उकळूनच देतीया."

आबा खाली बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

शोषखड्डे बुजवले. खोल्यांचा मैला आता बंद टाकीत जातो, टँकर उपसून नेतो. विहीर मात्र लगेच सुधारली नाही, म्हणून नळाला माळावरच्या बोअरचं पाणी जोडून घेतलं. दर महिन्याला मी ते तपासते. नळाच्या पाण्यातलं नायट्रेट आता मर्यादेच्या आत आहे. भाची तेच पाणी पिते.