सोड म्हणजे काय

त्या दिवशी सिद्धेश्वरच्या धरणावर आमी एवढेच होतो. माझे मालक, त्यांच्यासंगं मासे धरणारा जोडीदार, शाळेचे स्काऊटवाले सर, सरांच्या पथकातली नऊ लेकरं, त्यातच आठवीतली आमची पोरगी. अन् भाकरी घेऊन गेलेली मी. हिंगोली जिल्हा तवा व्हायचा होता.

आदल्या साली नाव कलंडून पलीकडच्या दोन बायका गेल्या. तवापासून मालक अन् जोडीदार दर ऐतवारी काठावर बसायचे. नावेत चढणाऱ्याला सांगायचे, उभं राहू नका, एका अंगाला गर्दी करू नका. कोणी ऐकत न्हाई. मग सर आले. म्हणले, "मामा, माझ्या लेकरांना दोर बांधाया येतो, तुमाला पाणी कळतं. मिळून करू. लेकरं घरोघर सांगतील."

मालक लेकरांच्या गाठी बघून हासले. "सर, गाठ लय देखणी हाय. पण भिजल्यावर सुटंल का?"

"तुमची तर गाठ दिसतच न्हाई, मामा."

"दिसली तर चोर नाव नेईल की."

चार ऐतवार बरं चाललं. सरांनी लेकरांसाठी तरंगायची जाकिटं आणली. मालकांनी घातलं न्हाई. "मी काय लेकरू हाय?" म्हणले. मी भाकरी वाढाया घेतली.

पाचव्या ऐतवारी, म्हणजे त्या दिवशी, बुडणाऱ्याला कसं वढायचं ते लेकरांना दाखवाया मालक बुडणारा माणूस झाले. कमरेला दोर, दुसरं टोक काठावर माझ्या पोरीच्या हातात. तिनंच मागून घेतलं होतं. त्या पाण्याखाली जुन्या बाभळींचे खुंट हायत. मालकांचा पाय त्यात अडकला. पोरगी वढू लागली, दोर ताठ झाला, त्यांना वाकून पाय काढता येईना. ते वरडले, "सोड."

आमच्यात नावेवर सोड म्हणजे ढील दे. दोर सैल करायचा, टोक हातातच ठेवायचं. सरांच्या शिकवणीत सोड म्हणजे हात मोकळा कर. हे मला मागून कळलं. पोरीनं हात मोकळा केला. दोर सरसर पाण्यात गेला, मालक खाली गेले, वर वढाया टोक कोणाच्याच हाती न्हाई. लेकरांना वाटलं, मामा नाटक करून राहिले. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सरांना पोहता येत नव्हतं. जोडीदार लांब नावेत होता. तो येईस्तोर पाणी सपाट झालतं.

मग कोणी शिकवाया आलं न्हाई. जाकिटं शाळेच्या कपाटात गेली. पोरीनं एकदाच इचारलं, "आई, मी बराबर ऐकलं ना?"

"व्हय. बराबर ऐकलं."

दुसरं काय सांगू? तिनं बराबरच ऐकलं होतं. आता ती सासरी हाय, तिला लेकरं हायत. पण शेळीचं दावं हाती आलं की दुसऱ्यानं धरल्याबिगर सोडत न्हाई. दावणीपाशी तशीच उभी राहते. काहून, ते तिच्या घरच्यांना ठाव न्हाई. मी बी सांगितलं न्हाई.

तुमी कुठं लेकरांना पाण्याचं शिकवत असाल, तर आधी दोन्हीकडच्यांनी काठावर बसून शब्द एक करून घ्या. अन् शिकवणाऱ्यानं बी जाकीट घालावं.