गुलाबरावांचा पहिला खर्च

गुलाबराव गेल्याचं मला पुसदच्या बाजारात, उसाच्या रसाच्या गाडीपाशी कळलं. तरीही ग्लासातला उरलेला रस मी सावकाश संपवला. हाताला बातमी उशिरा पोचली असावी... आता महिना होऊन गेला.

आम्ही एकाच शाळेत मास्तर. ते मराठी शिकवायचे, मी गणित. रविवारी आम्ही चार-पाच जण त्यांच्या घरी जमायचो आणि ते जुन्या गोष्टी वाचून दाखवायचे. सावकाराचा आवाज वेगळा, विधवेचा वेगळा, गोष्टीत बकरी असेल तर तिचाही. गरिबाच्या हाती पैसा आला की पुस्तक मिटायचे. "आता हा काय करन, अन् काहून?" ज्याचं उत्तर चुकेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. त्या चुलीपुढे मी इतका बसलो की वहिनींना वाटायचं, भाऊजी साखरेसाठी मुद्दाम चुकतात. गुलाबरावांचं मत ठरलेलं होतं. "माणूस पहिला खर्च कशावर करते ते पाहा. तिथूनच तो बदलते."

मग राळेगावची त्यांची मावशी वारली. तिला मूलबाळ नव्हतं. तिचं घर विकून आलेला पैसा गुलाबरावांच्या पेटीत आला, आणि आम्ही सगळे श्रोते त्यांच्याकडे टक लावून बसलो. एकाला त्यांच्या पायात नवी चप्पल दिसली. जुनीलाच नवा तळ लावला होता, पण आमचं पाहणं गुलाबरावांनी पाहिलं. खोकला तर वर्षभर होताच. नागपूरला जाऊन छाती दाखवा, असं डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. तेव्हा पैसे नव्हते. आता होते, तर हे हलेनात.

एका दुपारी वहिनी एकट्याच माझ्या दारात आल्या. कधी येत नसत.

"भाऊजी, थुंकीत रक्त पाह्यलं म्या. अन् हे पेटीले हात लावून नाही राह्यले. म्हणते, पहिला खर्च सोतावर नाही करणार. लोकं पाहून राह्यले म्हणते."

मी बोलघेवडा माणूस. त्यांच्या मागून चालताना सगळी वाट मी एक गोष्ट जुळवत गेलो.

गुलाबराव उशीला टेकून बसले होते. चेहरा उतरलेला. मी समोर बसलो.

"एक गोष्ट आहे, गुलाबराव. माणसाच्या थुंकीतून रक्त पडते. पेटीत पैसा आहे. बायको रडून राह्यली. तरी तो पेटी उघडत नाही. काहून?"

ते खरंच विचार करू लागले. सवयच तशी.

"लोभी असन."

"नाही."

"बायकोवर जीव नसन."

"लय आहे."

मग खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. मी त्यांची पाठ धरून बसलो. हा माणूस उत्तर न देताच जातो की काय, असं मला वाटलं. शेवटी हळू आवाज आला.

"लोक काय म्हणतीन याचा भेव असन त्याले."

"अन् मरायले तेवढं कारण पुरते?"

त्यांनी दारात उभ्या वहिनींकडे पाहिलं. "नाही बे. लयच कच्चं पात्र आहे." मग म्हणाले, "चहा कोण करते?"

"दोनदा चुकले तुम्ही. तुम्हीच करा."

चहा कुणीच केला नाही. वहिनींनी पेटी उघडली.

नागपूरचं औषधपाणी लांबलं, पण आम्हाला गुलाबराव आणखी काही वर्षं मिळाले. छातीला ऊब ठेवा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून परतताना गुलाबरावांनी काळा लोकरी कोट घेतला आणि भर वैशाखात, डांबर पाघळत असताना, सगळी बटणं लावून पुसदच्या बाजारातून रोज दुपारी फिरायचे. घाम हनुवटीवरून गळत असायचा. भेटेल त्याला सांगायचे, "पाहून घ्या, बदललो मी."

आता तो कोट आतल्या खोलीत खुंटीवर असतो. वहिनी रोज दुपारी तो अंगणातल्या दोरीवर टाकतात. परवा भर उन्हात तो तिथं दिसला तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, कसर लागायचे दिवस नाहीत हे. कायले रोज उन्हात टाकता?"

त्यांनी त्याची एक बाही सरळ केली.

"त्याले सावलीची सवय नाही, भाऊजी."